सिगार ताजी ओढायची की मुरवायची? कोकणात या चुका टाळा

सिगार मुरवण्याबद्दल, म्हणजे चव सुधारावी म्हणून ठेवून जुनी करण्याबद्दल, जे सल्ले वाचायला मिळतात ते बहुतेक थंड प्रदेशातल्या तळघरांना लागू पडणारे असतात. रत्नागिरी, मालवण, दापोलीकडच्या घरात आधी वेगळंच पाहावं लागतं: जिथे सिगार ठेवणार, तिथलं तापमान मे महिन्यात किती असतं आणि जुलैत वीज गेली की काय होतं? बारा महिने २४ अंशांच्या आत राहील अशी जागा नसेल, तर वर्षानुवर्षं मुरवायच्या फंदात पडूच नका. सहा महिन्यांत संपतील एवढ्याच आणा आणि चांगल्या ओढा. तशी जागा असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

"हवा दमटच आहे, मग ह्युमिडॉर कशाला?"

ह्युमिडॉर म्हणजे आतली आर्द्रता ठरावीक ठेवणारी सिगारची पेटी. ती लागतच नाही, या समजुतीने सगळ्यात जास्त सिगार वाया जातात. सिगारला ६२ ते ६९ टक्के आर्द्रता मानवते, मुरवायची असेल तर ६२ ते ६५. किनाऱ्यावर पावसाळ्यात ती ८५-९०च्या घरात असते. ओटीवरच्या कपाटात ठेवलेली सिगार मृग लागल्यावर काही दिवसांतच पापडासारखी सादळते. आतलं फिलर (भरलेली पानं) फुगतं, बाहेरचं गुंडाळलेलं नाजूक पान, म्हणजे रॅपर, तेवढं ताणलं जात नाही आणि पायाकडून, म्हणजे पेटवायच्या टोकाकडून, उभी चीर जाते. उलट डिसेंबर-जानेवारीत पूर्वेचे कोरडे वारे सुटले की दुपारी हवा बरीच सुकते. हा फुगण्या-आकसण्याचा खेळ दोन-तीनदा झाला की पानातली तेलं उडतात आणि चव जाते. एकदा गेलेली चव पुन्हा ओलावा दिला तरी परत येत नाही.

म्हणून मोजमाप आधी. आर्द्रता मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर नवा असला तरी चार-पाच टक्के चुकीचा असू शकतो. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून एक दिवस सावलीत ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७९ दिसला, तर पुढे कायम चार वजा करून वाचा.

आल्या आल्या ओढणं

कुरियरने आलेली किंवा विमानतळावरून आणलेली सिगार लगेच पेटवली की ती एका बाजूने जळते, विझते, कडवट लागते. दोष सिगारचा नसतो. प्रवासात ती कुठे सुकली, कुठे ओलावली, आणि हा ओलावा आतपर्यंत सारखा पसरायला वेळ लागतो. ६५ टक्क्यांच्या डब्यात निदान तीन आठवडे द्या. ५० रिंग गेजच्या (रिंग गेज म्हणजे सिगारच्या जाडीचं माप) वरच्या जाड सिगारला महिना-दीड महिना.

अमोनियाचा प्रश्न वेगळा. तंबाखूचं पान आंबवताना अमोनिया सुटतो. शिवाय सिगार वळताना पान मोडू नये म्हणून ओलसर केलेलं असतं, आणि त्या ओलाव्याने आंबण्याची क्रिया वळल्यानंतरही थोडी चालू राहते. ओळखायला सोपं आहे: न पेटवलेल्या सिगारचा पाय नाकाशी धरा. गोठ्यात शिरल्यासारखा, नाकात झोंबणारा वास आला तर ती अजून तयार नाही. तिला सहा महिने हात लावू नका, मग पुन्हा हुंगा. डॉमिनिकन आणि निकाराग्वाचे चांगले उत्पादक वळलेली सिगार स्वतःच्या खोल्यांत मुरवूनच बाहेर काढतात, त्यामुळे तिथे हा त्रास क्वचित होतो. क्युबन सिगार पुष्कळदा तरुण असतानाच दुकानात येते.

क्युबन डब्याच्या तळाला कारखान्याचा कोड आणि महिना-वर्ष छापलेलं असतं. महिने स्पॅनिशमध्ये असतात: एनेरो म्हणजे जानेवारी, आगोस्तो म्हणजे ऑगस्ट, दिसिएंब्रे म्हणजे डिसेंबर, आणि छापलेली असतात त्यांची पहिली तीन अक्षरं. सिगारचं वय याच तारखेपासून मोजायचं. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला डबा 'नवा' समजून आणखी पाच वर्षं ठेवला, तर हिशेब चुकतो. आणि त्या दुकानात एसी रात्री बंद होत असेल, तर ती दोन वर्षं मुरण्यात गेली की कोमेजण्यात, हे पहिली सिगार ओढल्याशिवाय कळत नाही.

सगळ्याच सिगार ठेवून सुधारत नाहीत

मुरल्याने तिखटपणा उतरतो, चवीचे कंगोरे मऊ होतात, वेगवेगळ्या चवी एकमेकांत मिसळतात. याचा फायदा ज्या सिगारमध्ये मुळात जोर आहे तिलाच. लिहेरो हे झाडाच्या वरच्या भागातलं, ऊन खाल्लेलं, जाड पान ज्यात भरपूर आहे, ती सिगार दोन ते पाच वर्षांत खुलते. पार्तागास सेरी डी क्रमांक ४ किंवा बोलिवार या क्युबन ब्रँडांच्या सिगार या जातीतल्या. निकाराग्वाच्या दणकट सिगारना वर्ष ते तीन वर्षं पुरतात. कनेक्टिकट जातीच्या फिकट पानाचं रॅपर असलेली सौम्य सिगार मात्र वर्षभरात ओढून टाका. तिच्याकडे घालवायला तिखटपणा नाही, जाते ती चवच. तुकड्यांच्या फिलरची स्वस्त सिगार आणि व्हॅनिला-कॉफीचा वास लावलेली सिगार मुरवण्यात काहीच अर्थ नाही. वासाच्या सिगार तर दुसऱ्यांच्या डब्यात ठेवूच नयेत, आठवड्याभरात सगळा डबा एकाच वासाचा होतो.

घरी वर्षं काढायची सोय नसेल त्यांच्यासाठी एक मार्ग आहे: पानच आधी मुरवलेल्या सिगार घ्या. निकाराग्वाच्या पाद्रोन ब्रँडच्या १९६४ मालिकेतलं पान चार वर्षं मुरवलेलं असतं. क्युबन 'रेझेर्वा'साठी तीन वर्षं, 'ग्रान रेझेर्वा'साठी पाच वर्षं जुनं पान वापरतात. महाग पडतात, पण तुमच्या पावसाळ्याची जोखीम त्यांच्यावर येत नाही.

मुरलेली सिगार सौम्य लागते, म्हणजे ती कमी घातक झाली, असं नव्हे. धूर तोंडातच ठेवला तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका तसाच राहतो. चव मऊ लागते म्हणून एकाच्या दोन करू नका.

मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवणं

तंबाखूचा भुंगा दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस, पाठ कुबडी. तो फक्त तंबाखूत राहत नाही. लाल मिरची, हळद, धणे यांतही तो सुखाने वाढतो. मे महिन्यात आगोटीची बेगमी भरून ठेवलेल्या खोलीत सिगारचा डबा ठेवणं म्हणजे त्याला दोन्हीकडून आमंत्रण. शिवाय अंडी पानाबरोबरच येऊ शकतात. २४ अंशांच्या वर ती फुटण्याचा धोका झपाट्याने वाढतो, आणि आपल्याकडची खोली तर वर्षातला बहुतेक काळ त्याच्या वर असते. रॅपरवर टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक दिसलं किंवा पांढऱ्या कागदावर सिगार हलकेच टिचकल्यावर बारीक पूड पडली, तर समजा लागण झाली. भोकं पडलेल्या फेका. उरलेल्या सगळ्या, दिसायला चांगल्या असल्या तरी, गोठवा.

गोठवण्याआधी त्या ६५ टक्क्यांवर आलेल्या हव्यात. ओल्या सिगारमधलं पाणी गोठताना फुगतं आणि रॅपर फाटतं. दोन झिप पिशव्यांत, हवा दाबून काढून बंद करा. एक दिवस फ्रिजच्या खालच्या भागात, मग फ्रीझरमध्ये पाच दिवस, पुन्हा एक दिवस खाली, एक दिवस बाहेर, आणि मगच पिशवी उघडा. उणे २० अंशांना तीन दिवस पुरतात, पण घरचा फ्रीझर जेमतेम उणे १८ गाठतो आणि दिवसातून चारदा उघडतो, म्हणून पाच. त्याच फ्रीझरमध्ये सुरमई आणि कोळंबी असेल तर पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. माशाचा वास एकदा पानात शिरला की निघत नाही. हे काम हिवाळ्यात उरकावं. पावसाळ्यात वीज गेली की अर्धवट वितळून पुन्हा गोठणं होतं, ते भुंग्याइतकंच नुकसान करतं.

सुताराकडून सुंदर पेटी करून घेणं

सिगारच्या पेटीला लागणारं 'स्पॅनिश सीडर' आपल्या देवदाराच्या जवळपासचंही नाही. ते महोगनी आणि कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे. देवदार पाइनच्या कुळातला, त्याच्या राळेचा वास सिगारला कायमचा लागतो. सागवानाचं तेलही नको. आणि लाकडी पेटी कितीही सुबक असली तरी पावसाळ्यात तिचं झाकण फुगतं, हिवाळ्यात फट पडते. रबरी कडेचा, चार बाजूंनी खटके लावायचा खाद्यपदार्थांचा प्लास्टिकचा डबा किनाऱ्यावर तिच्याहून कितीतरी भरवशाचा. डबा साबणाने धुवून दोन दिवस उघडा ठेवा. वास पूर्ण गेला की तळाला जुन्या सिगारपेटीच्या फळ्या घाला आणि ६५ टक्क्यांचं बोवेडा पाकीट (आर्द्रता ठरलेल्या आकड्यावर राखणारं तयार पाकीट) ठेवा. २५ सिगारना ६० ग्रॅमचं एक पाकीट.

ही पाकिटं ओलावा देतात तशी शोषूनही घेतात. हिवाळ्यात कडक झालेलं पाकीट सगळे ओळखतात. पावसाळ्यात उलट होतं, ते पाण्याच्या पिशवीसारखं लिबलिबीत होतं आणि शोषणं थांबवतं. तेव्हाही बदलावंच लागतं. त्यासाठी दोन डबे करा, रोजच्या वापराचा लहान आणि मुरवायचा मोठा. मोठा जून ते सप्टेंबर उघडायचाच नाही. खोक्यासकट ठेवणार असाल तर आतले छापील पुठ्ठे आणि कागद काढून टाका, बुरशी आधी त्यांनाच धरते. प्रत्येक सिगारवरचं पारदर्शक सेलोफेन मात्र राहू द्या. भुंगा निघालाच, तर एकीतून दुसरीत जायला त्याला वेळ लागतो.

वाइन कूलर आणि दव

मुरवायची तर थंडावा लागतोच. १८ ते २० अंशांवर लावलेला छोटा वाइन कूलर, म्हणजे वाइन ठेवायचा फ्रिज, ठीक. थर्मोइलेक्ट्रिक जातीचा कूलर बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंशच खाली जाऊ शकतो, म्हणजे ३३ अंशांच्या दुपारी तो धापा टाकतो. काँप्रेसरचा घ्या. सिगार त्यात उघड्या ठेवू नका. काँप्रेसर चालू-बंद होताना आतली आर्द्रता वरखाली होते, मागच्या भिंतीवर पाणी धरतं. बंद डब्यातच ठेवा. रिकाम्या जागेत पाणी भरून बूच लावलेल्या दोन-तीन बाटल्या ठेवल्या तर वीज गेल्यावर तापमान सावकाश चढतं.

आता सगळ्यात महागात पडणारी घाई. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. २० अंशांची सिगार अशा पडवीत काढली की थंड पाण्याच्या तांब्यासारखी तिच्यावर दव धरतं. रॅपर चिकट होतं आणि पेटवल्यावर पहिल्या इंचातच सुटतं. ओढायच्या तासभर आधी सिगार बंद ट्यूबमध्ये किंवा पिशवीत तशीच बाहेर काढा. ती खोलीच्या तापमानाला आली की उघडा, आणि उघडल्यावर लगेच पेटवा.

नीट जळत नसेल तर

मध्ये बोगदा पडतो (आतलं जळतं, बाहेरचं रॅपर मागे राहतं), ओढायला जड जाते, सारखी विझते: ओलावा जास्त. थंड देशात अशी सिगार एक-दोन दिवस उघड्यावर ठेवतात, इथे जुलैत तसं केलं तर ती आणखी ओली होते. ६२ टक्क्यांच्या पाकिटाच्या वेगळ्या डब्यात तीन-चार दिवस ठेवा. फार गरम आणि भराभर जळते, रॅपर बोटाखाली कुरकुरतं: सुकली आहे. तिला एकदम ७२वर नेऊ नका. आधी ६२, दोन-तीन आठवड्यांनी ६५. चव पातळ, राख ठीक, वास जेमतेम: मुरायचा काळ उलटून गेला.

हे शेवटचं वेळेत कळावं म्हणून खोक्यातली एक सिगार आल्यावर महिन्याभराने आणि मग दर सहा महिन्यांनी एक ओढून दोन ओळी लिहून ठेवा. लागोपाठ दोन नोंदी आधीच्यापेक्षा फिक्या आल्या तर उरलेल्या संपवा.

पांढरं दिसलं की 'तेल बाहेर आलं' समजणं

जुन्या सिगारवर तेलाची पांढरी साय येते, असं ऐकून लोक खूश होतात. किनाऱ्यावर ते जवळजवळ नेहमी बुरशीच असते. ठिपके ठिपके, केसाळ, निळसर-हिरवट झाक किंवा कुबट वास असेल तर शंकाच नको. पायाच्या कापलेल्या टोकात दिसली तर ती सिगार फेका, बुरशी आत गेलेली असते. फक्त रॅपरवर असेल आणि पुसल्यावर डाग राहत नसेल, तर घराबाहेर जाऊन कोरड्या कापडाने पुसा, वेगळ्या डब्यात ६२ टक्क्यांवर महिनाभर ठेवून पाहा. जुना डबा गरम पाणी-साबणाने धुवा, उन्हात वाळवा, आतल्या फळ्या आणि पाकीट टाकून नवीन घाला.