रेणुभार वितरण मोजताना आलेखाच्या दोन कडा

पॉलिमरच्या एकाच नमुन्यात लांब-आखूड साखळ्या मिसळलेल्या असतात आणि नुसत्या द्रावणावर लेझर टाकून लाइट स्कॅटरिंग (रेणूंनी विखुरलेला प्रकाश) मोजले, तर हाती फक्त भारसरासरी रेणुभार (जड साखळ्यांना जास्त महत्त्व देणारी सरासरी) लागतो. वितरण हवे असेल तर साखळ्या आधी वेगळ्या कराव्या लागतात. म्हणून नमुना जीपीसी (जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफी) कॉलममधून, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या नळीतून सोडतात. मोठ्या आकाराचे रेणू आधी बाहेर पडतात, छोटे मागाहून येतात आणि पुढे दोन डिटेक्टर त्यांची नोंद घेतात. स्कॅटरिंगचा सिग्नल संहती (द्रावणातील पॉलिमरचे प्रमाण) आणि रेणुभार यांच्या गुणाकारानुसार बदलतो, तर अपवर्तनांकाचा डिटेक्टर जवळपास केवळ संहती सांगतो. या दोहोंच्या गुणोत्तरातून प्रत्येक क्षणाचा रेणुभार मिळतो.

सुरुवातीच्या दिवसांत टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकातील पॉलिस्टायरीनच्या आलेखात मुख्य शिखराच्या आधी मला स्कॅटरिंगचे एक ठसठशीत शिखर दिसले. सॉफ्टवेअरने तेथे काही दशलक्षांचा रेणुभार दाखवला आणि मी वहीत उत्साहाने ‘शाखायुक्त अंश’ असे लिहूनही टाकले. त्या जागी अपवर्तनांकाची रेषा सपाट होती, याकडे माझे लक्षच गेले नव्हते. वरिष्ठांनी नमुना न घालता नुसता द्रावक सोडायला सांगितले, तर शिखर जसेच्या तसे हजर! नव्या कॉलममधून सुटणारे सूक्ष्म कण होते ते. रात्रभर द्रावक वाहू दिल्यावर ते नाहीसे झाले. खऱ्या मोठ्या साखळ्याही अपवर्तनांकात पुसटच दिसतात, त्यामुळे ही कोरी चाचणी टाळून निर्णय देऊ नये.

आलेखाच्या दुसऱ्या टोकाला नेमके उलट घडते. आखूड साखळ्या प्रकाश इतका कमी विखुरतात की अपवर्तनांकाची रेषा अजून वर असतानाच स्कॅटरिंगचा सिग्नल गोंगाटात बुडतो. तो भाग कापला, तर संख्यासरासरी रेणुभार (लांब-आखूड प्रत्येक साखळी सारखीच मोजणारी सरासरी) फुगतो आणि वितरण आहे त्यापेक्षा अरुंद भासते. भारसरासरीला मात्र याचा फारसा धक्का बसत नाही.

संहतीनुसार अपवर्तनांक किती बदलतो, तो गुणांकही जपून निवडावा. पॉलिस्टायरीन-टीएचएफ जोडीसाठी ६३३ नॅनोमीटरवर तो सुमारे ०.१८५ मिलिलिटर प्रति ग्रॅम असतो. द्रावक किंवा तरंगलांबी बदलली की तो बदलतो. अपवर्तनांकावरूनच संहती काढत असताना हा गुणांक १० टक्के जास्त धरला, तर रेणुभार सुमारे ९ टक्के कमी येतो. संहती स्वतंत्रपणे ठाऊक असेल, तर गुणांकाचा वर्ग आड येतो आणि घट १७ टक्क्यांवर जाते.

नमुना रात्रभर शांतपणे विरघळू द्यावा. घाईने अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवल्यास लांब साखळ्या तुटू शकतात, म्हणजे जे मोजायचे तेच आपण मोडतो. आता मी गणनेच्या सीमा ठरवताना दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवते, दोन्ही गोंगाटाच्या वर असतील तेवढाच पट्टा धरते आणि वगळलेल्या कडांची नोंद अहवालात आकड्यांशेजारीच करते.