लहान प्रवाळ टाकीसाठी शांत आणि परवडणारे मासे कसे निवडावेत

प्रवाळांची टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळ वाढवण्याची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, नव्याने उभारणारा माणूस मासे घेताना बहुधा आधी किंमत पाहतो आणि तिथेच त्याचा हिशेब चुकतो. स्वस्तात आणलेला मासा महिनाभरात दगावला किंवा त्याने टाकीतल्या इतरांना सुखाने जगू दिले नाही, तर तो स्वस्त पडला असे म्हणता येत नाही. डॅमसेल मासे हे याचे ठळक उदाहरण आहे. रंगाने आकर्षक, अंगाने काटक आणि किमतीने कमी असल्यामुळे पहिली निवड अनेकदा त्यांचीच होते; परंतु त्यांतले बहुतेक जरा मोठे होताच टाकीचा एखादा भाग आपला ठरवतात आणि नंतर आलेल्या प्रत्येक माशाचा पाठलाग करून त्याचे पर कुरतडतात. असा मासा बाहेर काढायचा म्हटले, की तो खडकाच्या फटीत शिरतो, एका बाजूने जाळी घातली की दुसऱ्या बाजूने निसटतो आणि शेवटी वर चिकटवलेल्या प्रवाळांसह सगळे खडक बादल्यांत काढून ठेवल्याशिवाय हाती लागत नाही. सिक्स लाइन रास हा देखणा मासाही लहान टाकीत पुष्कळदा असाच त्रास देतो. त्यामुळे जो मासा पुन्हा बाहेर काढण्याची वेळ येणार नाही, तोच खऱ्या अर्थाने परवडणारा समजावा.

मासे आणण्यापूर्वी टाकी तयार असणे अत्यावश्यक आहे. अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू खडकांवर स्थिरावण्यास साधारण 4 ते 6 आठवडे लागतात आणि तोवर अमोनिया व नायट्राइट यांची चाचणी शून्य येत नाही. या काळात ‘एखादा काटक मासा सोडून पाहा’ असा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये, कारण अमोनियाने त्या जिवाच्या कल्ल्यांना इजा होते. पाण्याची सापेक्ष घनता (म्हणजे खारटपणाचे माप) 1.025 च्या आसपास आणि तापमान 25 ते 26 अंश सेल्सिअस ठेवावे. साठ ते ऐंशी लिटरच्या टाकीत दोन किंवा तीन लहान मासे पुरेसे होतात. टाकी रिकामी दिसली तरी प्रवाळ वाढू लागल्यावर ती भरून येते.

पहिली पसंती म्हणून मी ओसेलारिस क्लाउनफिशचेच नाव घेईन. तो कृत्रिम प्रजननातून सहज उपलब्ध होतो, लहानपणापासून दाणेदार खाद्य खातो आणि फारसा भांडत नाही. दोन लहान पिल्ले एकत्र आणावीत. हे मासे आधी नर असतात आणि जोडीतला वरचढ ठरणारा पुढे मादी बनतो, त्यामुळे नर-मादी ओळखून घेण्याची गरज पडत नाही. क्लाउनफिशला सी ॲनिमोन (समुद्रातला फुलासारखा दिसणारा प्राणी) हवाच, हा समज मात्र सोडून द्यावा. ॲनिमोनला प्रखर प्रकाश आणि स्थिरावलेली टाकी लागते, आणि क्लाउनफिश त्याच्यावाचून उत्तम राहतो. मरून क्लाउन आणि टोमॅटो क्लाउन हे याचेच भाऊबंद असले तरी ते बरेच आक्रमक असतात.

जोडीला फायरफिश शोभतो. तो प्रवाहात एका जागी तरंगत पाठीवरचा लांब काटा वरखाली हलवत राहतो आणि जरा सावली पडली की क्षणात बिळात जातो. घाबरला तर तो पाण्याबाहेर उडी मारतो, म्हणून टाकीवर बारीक जाळीचे झाकण आधी बसवावे आणि मगच तो आणावा. पुढून जांभळा व मागून पिवळा असलेला रॉयल ग्रामा हाही चांगला पर्याय आहे. कपारीच्या छताखाली तो उलटा पोहताना दिसला तर तो आजारी आहे असे समजू नये, ती त्याची सवयच आहे. त्याच्या गुहेजवळ कोणी आले तर तो तोंड वासून धमकावतो, पण सहसा त्यापुढे जात नाही. लहान टाकीत फायरफिश आणि रॉयल ग्रामा प्रत्येकी एकच ठेवावा. याहून लहान टाकी असल्यास चार-पाच सेंटिमीटरचा निऑन गोबी उत्तम.

बांगाई कार्डिनलबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. इंडोनेशियातील बांगाई बेटांभोवतीच्या छोट्याशा पट्ट्यात मूळ वस्ती असलेला हा शांत मासा आज नैसर्गिक अधिवासात संकटग्रस्त आहे. नर अंडी तोंडात सांभाळतो आणि पिल्ले तयार स्वरूपात बाहेर येतात, त्यामुळे त्याचे प्रजनन टाकीतही होते. असे असताना समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे काहीच कारण नाही. थोडे अधिक पैसे पडले तरी प्रजनन केंद्रातलाच मागावा.

मँडरिन मासा कितीही मोहक दिसला तरी लहान टाकीसाठी घेऊ नये. तो दिवसभर कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जलचर टिपत असतो आणि लहान टाकीतला त्यांचा साठा संपला की हळूहळू उपाशी मरतो. टँग जातीच्या माशांना पोहायला मोठी जागा लागते, तेव्हा त्यांचा विचारच नको.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला मासा समोर खाताना दाखवण्याची विनंती करावी. खाद्याकडे पाठ फिरवणारा, धापा टाकणारा, पोट आत गेलेला किंवा अंगावर पांढरे ठिपके असलेला मासा तिथेच राहू द्यावा. घरी आणल्यावर शक्य असल्यास त्याला चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवावे, कारण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर दिले जाणारे तांब्याचे औषध प्रवाळांना आणि कोळंब्यांना मारक ठरते आणि ते मुख्य टाकीत कधीही घालता येत नाही.

मुख्य टाकीत सोडताना सर्वांत भित्रा मासा आधी आणि जागेवर हक्क सांगणारा शेवटी, हा क्रम पाळावा. म्हणजे फायरफिश प्रथम, क्लाउनची जोडी नंतर, आणि जागा उरली असेल तरच ग्रामा. दोन खेपांमध्ये किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि पुढचा मासा आणण्याआधी अमोनियाची चाचणी पुन्हा करावी.