ह्यूज पेज आपोआप मिळतात म्हणून या चुका करू नका

लिनक्सवर, नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर, मेमरीचं साधं पेज (मेमरी वाटायचा तुकडा) ४ केबीचं आणि ह्यूज पेज २ एमबीचं, म्हणजे ५१२ छोट्या पेजांचं एक. २०११ च्या २.६.३८ पासून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती आपणहून देतो, टीएलबी (पेजांचे पत्ते लक्षात ठेवणारी प्रोसेसरची छोटी वही) मिस कमी होतात, मोठा डेटा चाळणाऱ्या प्रोग्रामला फरक पडतो, नाकारत नाय मी. पण "आपोआप आहे ना, मग सेटिंग ऑलवेज, म्हणजे सगळ्यांना मोठं पेज, ठेव" हे ऐकून ऐकून कान किटलेत.

पणजीला पाटोवर एका हॉटेल बुकिंगवाल्यांचा सर्वर बघायचो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, कळंगुटला खोलीसाठी मारामारी, आणि आमचं रेडिस (डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस) मधूनच गप्प व्हायचं. टीममधला नवा पोरगा रॅम वाढवायला निघालेला. म्हटलं बाबा, आधी लॉग तरी वाच! सुरू होतानाच रेडिसने ह्यूज पेजबद्दल वॉर्निंग दिलेली. स्नॅपशॉटला (डेटा डिस्कवर लिहून ठेवायला) रेडिस फोर्क होतं, म्हणजे स्वतःची जुळी प्रोसेस काढतं, दोन्ही प्रोसेस तीच पेजेस वापरतात आणि कुणी एक की (नोंद) बदलली की ते पेज कॉपी होतं. आमचा कर्नल जुना, रेडिसही जुनं, त्यामुळे चार बाइट बदलायला २ एमबीची कॉपी, म्हणजे बाजारात एक बांगडा मागितला आणि बाईने अख्खी टोपली पिशवीत ओतली. पोराने इको कमांडने सेटिंग 'नेव्हर', म्हणजे कुणालाच मोठं पेज नको, अशी केली, तरी काही हलेना, कारण आधी बनलेली ह्यूज पेजेस तशीच राहतात. रेडिस रीस्टार्ट केल्यावर शांत झालं.

जूनमध्ये वीज गेली, मशीन रीबूट, परत तेच रडगाणं. इको रीबूटला टिकत नाय, हे लिहून भिंतीला चिकटवा. मी थेट बूट पॅरामीटरमध्येच (कर्नल सुरू होतानाच वाचतो त्या सेटिंगमध्ये) 'मॅडव्हाइज' घालतो: जो प्रोग्राम मागेल त्यालाच मोठं पेज.

आता कुणी म्हणतो १ जीबीची पेजेसही आपोआप द्या. अरे, महिनाभर चाललेल्या मशीनवर सलग १ जीबी रिकामी सापडणार कुठे, आणि सापडली तरी पहिल्या स्पर्शाला तेवढी शून्याने भरत बसणार कोण? हवी असतील त्याने बूटलाच राखून ठेवावी.

सगळीकडे डोळे मिटून 'नेव्हर' टाकणारे पण तसलेच, मोंगोडीबी ८.० (हाही डेटाबेसच) तर ह्यूज पेज चालू ठेवा म्हणतं.

आणि पोस्टग्रेस डेटाबेसच्या ह्यूज पेज सेटिंगला 'ट्राय' डिफॉल्ट असतं, राखलेली पेजेस कमी पडली तर गुपचूप ४ केबीवर येतं. मी 'ऑन' ठेवतो, नाय मिळाली तर सुरूच होऊ नको म्हणावं.