‘ग्रँड इन्क्विझिटर’ सुटा वाचू नका

एम.ए.ला रशियन कादंबरी घेतली की दस्तयेव्हस्कीच्या ‘ग्रँड इन्क्विझिटर’ या प्रकरणाची झेरॉक्स लवकरच हातात पडते. सेव्हिलमधला नव्वदीचा धर्माधिकारी, समोर अवाक्षर न काढणारा येशू. परीक्षेपुरतं भागतं. पण विषय कळायला हवा असेल तर ‘द ब्रदर्स कारमाझोव्ह’ (१८७९-८०) ही अख्खी कादंबरी आणा आणि पाचव्या ‘पुस्तका’तलं (कादंबरीच्या भागांना पुस्तक म्हणतात) त्याच्या आधीचं, चौथं प्रकरण उघडा. नावांचा घोळ होतोच, तेव्हा कोऱ्या पानावर लिहून ठेवा: अल्योशा म्हणजेच अलेक्सेई, मित्या म्हणजेच द्मित्री.

या प्रकरणात इव्हान धाकट्या भावाला, अल्योशाला, एक हकिकत सांगतो. भूदासाच्या आठ वर्षांच्या पोराने खेळताना दगड भिरकावला आणि जनरलच्या लाडक्या कुत्र्याचा पाय दुखावला. जनरलने पोराला उघडं करून पळायला लावलं आणि आईच्या डोळ्यांदेखत त्याच्यावर शिकारी कुत्रे सोडले. अशा माणसाचं काय करायचं, गोळी घालायची? मठात उमेदवारी करणारा, भाविक अल्योशा हळूच म्हणतो, ‘घालायची.’

हे वाचून पुढे गेलात की धर्माधिकारी नुसता खलनायक उरत नाही. माणसाला स्वातंत्र्य झेपत नाही. त्याला भाकरी द्या, चमत्कार, गूढ आणि अधिकार द्या, म्हणजे तो सुखात राहील, असं धर्माधिकाऱ्याचं म्हणणं. ते पोर डोळ्यांसमोर असताना हे अर्धंअधिक पटतं, आणि पटायलाच हवं. येशू वाद घालत नाही, म्हाताऱ्याचं चुंबन घेतो. म्हातारा दार उघडून त्याला जाऊ देतो, पण मत सोडत नाही.

बहुतेक जण इथे पुस्तक मिटतात. सहाव्या पुस्तकातली झोसिमाची, म्हणजे अल्योशाच्या मठातल्या गुरूची, शिकवण हे या सगळ्याला आपलं उत्तर आहे असं दस्तयेव्हस्की मानत होता. ते पुरेसं ठरेल का, ही धास्तीही त्याने पोबेदोनोस्त्सेव्ह या सरकारातल्या बड्या माणसाला पत्रातून कळवली होती. मला ते पुस्तक संथ वाटतं. मला खरं उत्तर सातव्यात सापडलं: झोसिमा वारल्यावर सगळे चमत्काराची वाट बघत बसतात आणि प्रेताला वास सुटतो. अल्योशा हादरतो. धर्माधिकाऱ्याच्या यादीतला चमत्कार त्याला मिळत नाही. विश्वास ठेवायचा तर त्याच्याविना.

कथेतला धर्माधिकारी कॅथलिक आहे, पण रशियातलं चित्रही ठाऊक हवं. झार पीटरने १७२१मध्ये पॅट्रिआर्कच्या, म्हणजे चर्चच्या प्रमुखाच्या, जागी सिनॉड ही धर्मगुरूंची समिती आणली आणि चर्च जवळपास सरकारी खातंच झालं. १८८०पासून त्या खात्याचा कारभारी होता तोच पोबेदोनोस्त्सेव्ह.

म्हणून पुढचं पुस्तक तॉलस्तॉयचं ‘रिझरेक्शन’ (१८९९) घ्या. त्यातला तोपोरोव्ह पोबेदोनोस्त्सेव्हवरच बेतला आहे, आणि बेड्या घातलेल्या कैद्यांसमोर चालणारी तुरुंगातली प्रार्थना तर अंगावर येते. १९०१मध्ये सिनॉडने तॉलस्तॉयला चर्चबाहेर काढलं. रशियात छापताना सेन्सॉरने प्रार्थनेच्या या भागाला कात्री लावली होती. तेव्हा जुनी आवृत्ती हाती आली तर पहिल्या भागातली ३९ आणि ४० ही प्रकरणं शाबूत आहेत ना, ते आधी बघून घ्या.