घरच्या घरी टेबल सॉ कसा जुळवावा

नवा टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेलं लाकूड कापायचं मशीन, खोक्यातून निघाला की हात शिवशिवतात, पण दोनेक तास प्लायला हात लावू नका. कारखान्यात जुळवलेलं मशीन टेम्पोत धक्के खात आलेलं असतं.

आधी जागा. नाशिकमध्ये इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये मशीन मावतं. पण आठ फुटी फळी चिरायची तर पात्याच्या पुढे आठ आणि मागेही आठ फूट मोकळे लागतात. जागा आखूड असेल तर मोठी शीट वखारीतूनच कापून आणलेली बरी. मशीनला अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट द्या. बारीक वायरचं एक्स्टेन्शन लावलं की मोटर दमते आणि वायर तापते. चारी पाय जमिनीला टेकवा, डुगडुगलं तर खाली पाचर मारा. आणि दुपारी दोन ते चार मशीन चालवू नका, शेजारी तुमचेच आहेत.

पुढचं सगळं प्लग काढूनच करायचं.

बरेच जण पहिल्यांदा फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची बाजूची सरळ पट्टी, सरळ करतात. फेन्स कशाच्या संदर्भात सरळ करायची? टेबलावर मायटर गेज (आडव्या कापाला लाकूड कोनात धरणारी सरकती पट्टी) सरकायची जी खाच असते, ती हलत नाही. म्हणून आधी खाचेशी पातं जुळवायचं, मग खाचेशीच फेन्स.

पातं पूर्ण वर घ्या. एका दातावर स्केचपेनने खूण करा. तो दात पुढे आणा, कॉम्बिनेशन स्क्वेअर (सरकत्या पट्टीचा गुण्या) खाचेच्या कडेला लावा आणि पट्टी सरकवून दाताला नुसती टेकवा. पट्टी तशीच आवळून ठेवा. आता पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि स्क्वेअर तिथे लावा. पट्टी तशीच अलगद टेकली पाहिजे. दुसरा दात घेतलात तर पात्याचा वेडेवाकडेपणाही मापात मिसळतो, म्हणून दात तोच हवा. फरक साध्या कागदाच्या जाडीइतका, म्हणजे ०.१ मिमीपर्यंत, चालेल. जास्त असेल तर पातं धरणाऱ्या यंत्रणेचे बोल्ट किंचित सैल करून हलक्या हाताने ठोका, आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना माप हमखास हलतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कामाला असलेला मित्र असेल तर त्याच्याकडून डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापयंत्र) मागून आणा, काम पटकन होईल.

फेन्सही खाचेला समांतर करा. मागचं टोक कागदाच्या जाडीएवढं बाहेर असलं तरी चालेल, पण पात्याकडे झुकलेलं मुळीच नको. तसं झालं की फळी पातं आणि फेन्सच्या चिमटीत सापडते, कड जळते आणि लाकूड उसळून थेट पोटावर येतं.

काटकोनासाठी गुण्या टेबलावर ठेवून दातांना नव्हे, पात्याच्या सपाट अंगाला लावा. नंतर एक टाकाऊ पट्टी आडवी कापा, एक तुकडा उलटा करा आणि दोन्ही कापलेली टोकं जोडून उजेडात धरा. वर किंवा खाली फट दिसली तर चूक त्या फटीच्या निम्मी समजा.

रायव्हिंग नाईफ, म्हणजे पात्यामागचं पोलादी पान, साइटवरच्या मशीनला बहुतेकदा काढून टाकलेलं दिसतं. ते बघून घरी तसं करू नका. चिरलेली फळी मागून मिटून पात्याला धरते ती यानेच थांबते. हे पान पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या कापापेक्षा पातळ हवं, दातांपासून ३ ते ८ मिमी मागे, पात्याच्या अगदी रेषेत. बाजारातलं दुसरं पातं घेताना हे माप आणि मधल्या भोकाचा व्यास आधी जुळवा, २५.४ आणि ३० मिमी, दोन्ही मिळतात. लांबीत सागवान चिरायला २४ ते ३० दात, प्लायला ६० ते ८०.

पहिल्या कापाला चष्मा घाला, हातमोजे नको, कारण ते पात्यात ओढले जातात. पातं लाकडाच्या थोडंसंच वर ठेवा, अरुंद पट्टी पुश स्टिकने ढकला आणि स्वतः पात्याच्या रेषेत उभे राहू नका.

टेबल बिडाचं असेल तर जूनआधी त्याला मेण घासा, नाहीतर पावसाळ्यात गंज धरतो.