मन साथ देत नाही तेव्हा दिवस कसा सांभाळावा

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या पुढे गेली आणि आमच्या दुकानात व घरात पाणी शिरले. घर आठ-दहा दिवसांत धुऊन निघाले. माझे बिनसले ते दिवाळीनंतर, सगळे सुरळीत झाल्यावर. पहाटे तीनला जाग येई आणि मग झोप नाही, ताटातले जेवण तसेच राही, आणि गिऱ्हाईकाने काय मागितले हे त्याला दोनदा विचारावे लागे. कोणी चौकशी केली तर ‘जरा टेन्शन आहे’ एवढेच सांगत असे, कारण आमच्याकडे टेन्शन या एका शब्दात सगळे मावते. पुढे नैराश्यावर उपचार घेतले, बरा झालो, मध्ये एकदा पुन्हा घसरलो. त्या काळात जे उपयोगी पडले आणि डॉक्टरांनी ज्याचा आग्रह धरला, ते इथे लिहीत आहे. उपचार चालू असतील तर त्यांच्या जोडीने हे करावे. त्यांच्या जागी नव्हे.

सर्वांत आधी उठण्याची वेळ ठरवावी. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. रात्र कशीही गेली तरी समजा साडेसहाला अंथरूण सोडायचे, ते घडी करून ठेवायचे (पसरलेले अंथरूण दुपारी पुन्हा बोलावते, हा स्वानुभव) आणि तोंड धुऊन अर्ध्या तासाच्या आत घराबाहेर उजेडात यायचे. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ जागेवर येते आणि त्याचा फायदा रात्रीच्या झोपेला होतो. चालणे वीस मिनिटांचे असले तरी पुरते. सांगलीत आमराई आहे, घाट आहेत. साताऱ्याचे लोक अजिंक्यतारा चढतात, पण ज्याला जिना उतरणे जड जात आहे त्याने किल्ल्याचा विचार पहिल्या आठवड्यात करू नये. मी सुरुवातीला गल्लीच्या टोकाच्या दूध डेअरीपर्यंत जाऊन परत येत असे आणि डॉक्टरांनी तेही वहीत लिहून ठेवायला सांगितले होते.

त्या वहीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. खचलेल्या माणसाचा ठाम समज असतो की आधी मन लागेल आणि मग हातून काम होईल. प्रत्यक्षात या आजारात क्रम बहुधा उलटा चालतो : काम आधी होते, तेही नाइलाजाने, आणि मन त्याच्या मागून थोडेसे येते. म्हणून रोज रात्री उद्याची तीन कामे लिहावीत, आणि ती हास्यास्पद वाटतील इतकी लहान असावीत. ‘दुकानाचा हिशेब पूर्ण करणे’ असे लिहू नये. ‘खातेवही उघडून एक पान बघणे’ असे लिहावे. तिन्हींत एक काम शरीराचे असावे, एक घराचे किंवा धंद्याचे, आणि एक असे की जे पूर्वी आवडत होते, मग आता त्यात गोडी वाटो न वाटो. काम झाले की समोर खूण करावी आणि करण्याआधी व केल्यानंतर कसे वाटले याला दहापैकी गुण द्यावेत. माझ्या वहीत पहिले दोन आठवडे दोनाचे तीन होणे यापलीकडे काही दिसत नाही. तरी ‘काहीच फरक पडत नाही’ असे मन सांगत असताना कागदावर एका गुणाचा फरक दिसत होता, आणि त्या दिवसांत माझ्या मनापेक्षा कागद जास्त भरवशाचा होता.

जेवणाच्या वेळा पाळाव्यात, भूक नसली तरी अर्धी भाकरी आणि वाटीभर आमटी पोटात जावी. दुपारी तीननंतर चहा घेऊ नये, कारण त्यातले कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्म्याच्या आसपास अंगात उरते. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती मध्यरात्री मोडते आणि दुसरा दिवस अधिक उदास जातो.

काळजीचे मात्र एवढ्यावर भागत नाही. कृष्णाकाठी राहणाऱ्यांना काळजीचे एक खास रूप ठाऊक आहे : जूनअखेरीस पाऊस लागला की कोयना धरणातून किती सोडले, खालच्या अलमट्टी धरणातून किती चालले, पुलापाशी किती फूट झाले, हे दर दहा मिनिटांनी मोबाईलवर पाहत राहणे. इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. पण पाणी 18 फुटांवर असताना रात्री दोनला उठून आकडा पाहणे ही सावधगिरी राहिलेली नसते. पाहिल्यावर क्षणभर हायसे वाटते आणि त्या क्षणभराच्या आरामासाठी मन पुन्हा पाहायला लावते. यावर उपाय असा की आकडा दिवसातून दोनच वेळा, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला, जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत माहितीतून पाहावा. ग्रुपवर फिरणारे जुने व्हिडिओ उघडू नयेत. पाणी खरोखर इशारा पातळीकडे सरकू लागले तर वेळा वाढवाव्यात आणि सामान हलवायला लागावे. तेव्हाची घाई योग्यच असते.

इतर काळज्यांसाठीही हाच मार्ग आहे. संध्याकाळची वीस मिनिटे काळजीसाठी राखून ठेवावीत. दिवसभरात कर्जाचा, मुलीच्या लग्नाचा, द्राक्षबागेच्या छाटणीचा विचार आला की तो एका ओळीत टिपून ‘सहाला बघू’ म्हणून बाजूला ठेवावा. सहा वाजता यादी घेऊन बसावे आणि ज्यावर काही करता येईल त्यासमोर पुढचे पाऊल लिहावे. पुष्कळ ओळी तोवर शिळ्या झालेल्या असतात.

अचानक छाती धडधडू लागली, हातापायाला घाम सुटला, आता काहीतरी होणार असे वाटले, तर श्वास सोडण्याचा वेळ वाढवावा : चार अंक मोजत नाकाने आत, सहा अंक मोजत हळू बाहेर, असे पाच मिनिटे. मात्र असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, किंवा छातीत दुखून हात-जबड्यात कळ जात असेल, तर मनाचे कारण न धरता आधी इस्पितळ गाठून हृदयाची तपासणी करून घ्यावी. रात्री वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर कुशी बदलत न राहता उठून दुसऱ्या जागी मंद दिव्यात बसावे आणि डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर परतावे.

हे सारे करूनही सलग दोन आठवडे बहुतेक दिवस उदासी किंवा कशातच रस नसणे टिकले आणि झोप, भूक, काम यांवर परिणाम होत राहिला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. इथे घरचे लोक आडवे येतात. त्यांच्या मनात वाईट नसते. ‘बाहेरचे आहे, देवऋषीला दाखवू’, ‘लग्न करून द्या म्हणजे ताळ्यावर येईल’ हे सल्ले आणि ‘येरवड्याला पोचवायचे का’ हा तिथल्या मनोरुग्णालयावरचा विनोद प्रत्येक गावात तयार असतो. देवाला जाण्याला माझी हरकत नाही. देवऋषीच्या नादात सहा महिने जातात, हरकत त्याला आहे. घरात वाद घालण्यापेक्षा एकाच समजूतदार माणसाला, मग ती वहिनी असो की मामा, ‘माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल’ एवढे म्हणावे. सांगलीचे सिव्हिल आणि साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय येथे सरकारी सोय आहे. फोनवरून बोलायचे असेल तर 14416 ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.

जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नये. त्याच दिवशी कोणाला तरी स्पष्ट सांगावे, एकटे राहू नये, आणि 14416 किंवा 112 वर फोन करावा. शेतकरी घरात फवारणीची औषधे असतात. ती घरच्यांनी तातडीने दुसऱ्याच्या ताब्यात, कुलुपात द्यावीत. ‘मरावेसे वाटते का’ असे विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. पोलिसांच्या भीतीने प्रयत्न लपवण्याचेही कारण नाही, कारण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले जाते.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर त्रास कधीपासून आहे, झोप किती, वजन घटले का, चालू गोळ्या कोणत्या, घराण्यात कोणाला असा त्रास होता का, हे लिहून न्यावे. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासायचे का हेही विचारावे, कारण यांच्या कमी-जास्तीनेही असाच थकवा आणि उदासी येते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते आणि नेमके तेव्हाच लोक गोळी सोडतात. या गोळ्यांची चटक लागत नाही, पण त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड होते. म्हणून बरे वाटल्यावरही काही महिने घेऊन डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी कराव्यात. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय जडते. त्या दुकानातून परस्पर आणून घेत राहू नयेत.

पावसाळ्याआधी पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी, कारण पुरात औषधांची दुकानेही बंद होतात. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा घरात आले तेव्हा रेशन कार्ड आणि दुकानाचे कागद मी माळ्यावर टाकले, आणि ती पिशवी सदऱ्याच्या खिशात घालून बोटीत बसलो.