रॅम फुल पण खातंय कोण तेच दिसेना

घरचा पीसी, ८ जीबी रॅम, विंडोज १०. सकाळी मस्त चालायचा आणि दुपारपर्यंत माऊससुद्धा अडकत अडकत सरकायचा, टास्क मॅनेजर उघडला तर मेमरी ९४ टक्के, पण प्रोसेसची बेरीज केली तर तीन जीबीपण होईना. जो तो सांगतो ब्राउझरचे टॅब बंद कर, केले, ढिम्म फरक नाही.

मग टास्क मॅनेजरच्याच परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक केलं तर खाली नॉन-पेज्ड पूल ४.१ जीबी! हा आकडा एरवी काहीशे एमबी असतो. ही मेमरी कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) वापरतात म्हणून ती कुठल्याच प्रोसेसच्या नावावर दिसत नाही आणि डिस्कवरपण ढकलता येत नाही, म्हणजे गेली ती गेलीच.

विंडोज ड्रायव्हर किटसोबत पूलमॉन नावाचं छोटं टूल मिळतं, ते ॲडमिन म्हणून चालवून कीबोर्डवरचं B दाबलं की जास्त खाणारा चार अक्षरी टॅग, म्हणजे मेमरी घेणाऱ्याची खूण, वर येतो. दिसायला भयानक आहे पण काम चोख. तो टॅग फाइंडस्ट्र (findstr, फायलींत मजकूर शोधणारी) कमांडने ड्रायव्हर्स फोल्डरमधल्या सिस (.sys, म्हणजे ड्रायव्हरच्या) फायलींत शोधला, निघालं काय तर लॅन कार्डसोबत आलेलं 'इंटरनेट फास्ट करणारं' सॉफ्टवेअर. ते उडवलं, नुसता साधा ड्रायव्हर ठेवला.

आणि हो, तपासायच्या आधी रीस्टार्टच करा, शटडाउन नको, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नल हायबरनेट होतो, म्हणजे डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो, आणि जुना कचरा तसाच परत येतो. आता पूल दिवसभर ३०० एमबीच्या आसपास असतो.